कल्ल्यांतला गंज

माशाच्या डोक्यामागचं ते गोल, कडक झाकण बोटाने अलगद उचललं, की आत लाल कंगव्यांची चळत दिसते — एकामागे एक लावलेले, ओले, नुकत्याच फोडलेल्या डाळिंबाच्या रंगाचे. त्यांना कल्ले म्हणतात. पुढे सगळी नोकरी मी कॉलेजातल्या मुलामुलींना हे झाकण उचलून दाखवण्यात घालवली; पण डोळे मिटले की मला दिसतात ते कल्ले लाल नसतात. ते नारिंगी असतात, गंजलेल्या पत्र्याच्या रंगाचे, आणि त्यांच्या दात्यांमध्ये तसलाच गाळ बसलेला असतो... मग इतक्या वर्षांनीही माझं डोकं तापतं. मी क्षमाशील बाई नाही, हे आधीच सांगून ठेवते. बालपण म्हणजे वहीतलं मोरपीस, असं ज्यांना वाटतं, त्यांनी पुढे वाचलं नाही तरी माझी हरकत नाही.

पुनावळ्याच्या वरच्या अंगाला, पवनेच्या एका वळणावर आमचं गाव होतं. सत्तरच्या दशकाची सुरुवात असेल. पिंपरी-चिंचवडकडे कंपन्या वाढत चालल्या होत्या आणि वारा तिकडून असला की पहाटेचा भोंगा आमच्या वस्तीपर्यंत यायचा; पण गावात अजून शेणाने सारवलेल्या अंगणांचा, ओल्या कडब्याचा, चुलीतल्या तुरकाठ्यांचाच वास होता. बाबा पिंपरीच्या एका कंपनीत फिटर होते. शिफ्ट संपवून ते सायकलवरून घरी यायचे तेव्हा त्यांच्या खाकी पँटीला ग्रीसचा वास यायचा, आणि मला तो चाफ्यापेक्षा आवडायचा. आई त्यांच्यासाठी दारात तांब्याभर पाणी ठेवायची — पितळी, पोटाशी चेपलेला, आजोबांच्या वेळचा तांब्या — आणि बाबा ओट्यावर उभे राहून हात धुवायचे, ते काळं पाणी अंगणातल्या अळूकडे वाहत जायचं.

गावाला डोह होता. काठावर करंजाची झाडं, त्यांच्या सावलीत देवाचं बुटकं देऊळ, आणि खाली हिरव्या, थंड, खोल पाण्यात देवाचे मासे. मोठमोठ्या खवल्यांचे, माझ्या दंडापेक्षा लांब. त्यांना कुणी गळ टाकायचा नाही, जाळं लावायचं नाही. सोमवारी लोक कणकेच्या गोळ्या नि फुटाणे टाकायचे आणि पाण्यावर एकदम तोंडांची गर्दी व्हायची — गोल, जाड ओठांची, उघडझाप करणारी तोंडं. आम्ही वस्तीतली माणसं देव मानायचं सोडून बरीच वर्षं झाली होती, पण मासे मी मानत होते. डोहाच्या खालच्या दगडावर मी तासन् तास पालथी पडून त्यांचे गळे बघायची. तोंड उघडलं की गळा खाली फुगायचा, तोंड मिटलं की गालामागची झाकणं उघडायची. ते काय चाललंय हे कळत नव्हतं, पण बघताना माझा स्वतःचा श्वास त्या लयीत पडायचा.

देवाचा मासा मेला तर त्याला फेकायचं नाही, अशी गावाची रीत होती. पांढऱ्या फडक्यात मिठासकट गुंडाळून, आमच्या वस्तीपलीकडच्या माळावर खड्डा करून पुरायचा. उचलायचा मात्र आमच्या माणसांनी. बैल, म्हैस, कुत्रं, देवाचा मासा — गावात जे काही मरेल ते उचलण्याचं काम पिढ्यान् पिढ्या आमच्याच माथी मारलेलं. माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली आणि गावाला सांगून टाकलं, की आजपासून आमचं घर मेलेलं उचलणार नाही. त्यासाठी त्यांनी चावडीसमोर मार खाल्ला, पण शब्द फिरवला नाही. त्यानंतर एखादा मासा मेलाच, तर देवळाचा गुरव तो गुपचूप पुरून टाकायचा. म्हातारा भला होता, त्याने कधी तोंड वाकडं केलं नाही.

आणि नाना होता. त्याला अहो-जाहो करायला माझी जीभ आजही तयार नाही. देवळाचा पंच, शाळेच्या कमिटीचा अध्यक्ष, गावातल्या पहिल्या ट्रॅक्टरचा मालक. परीटघडीचं धोतर, गालात पान. सगळ्या गावाची नांगरट त्याच्या ट्रॅक्टरवर अडलेली, त्यामुळे नाना बोलेल ती पूर्व दिशा. नांगरटीचा हंगाम नसला की तो चिंचवडकडच्या कुठल्याशा कंपनीतून ड्रम भरभरून आणायचा. लोखंड धुतलेलं ॲसिड असायचं त्यांत. लांब एका बंद खाणीत ते ओततो, असं तो सांगायचा. त्याच्या ट्रॉलीच्या फळ्या त्या पाण्याने नारिंगी झाल्या होत्या, कडा खाऊन गेल्या होत्या, आणि ती शेजारून गेली की नाकात झिणझिण्या यायच्या.

त्या वर्षी उन्हाळ्यात नदी आटून डोह तेवढा उरला होता. एका सकाळी गलका ऐकून आम्ही धावलो, तर डोहभर पांढरी पोटं. काही अजून जिवंत होते. ते काठाशी आले होते आणि तोंडं पाण्याबाहेर काढून एक विचित्र झटका देत होते — आतून बाहेर, आतून बाहेर... पुन्हा पुन्हा, कुणीतरी ठसका लागून कासावीस व्हावं तसं. त्यांच्या गालांची झाकणं टोकाला उघडून तशीच राहिली होती. बघता बघता तेही उलटे झाले.

सगळं गाव काठावर जमलं होतं. नानाने चारी बाजूंना बघितलं, आणि माझ्या बाबांना हाक मारली. बाबा रात्रपाळी करून नुकते आले होते, हातात अजून डबा होता.

"ये रं. हे देवाचं हाय, मागंपुढं करू नगंस. उचल."

"न्हाई नाना," बाबा म्हणाले. "आमी मेलेलं उचलायचं कवाच सोडलंय."

"सोडलंय व्हय?" नाना हसला. मग गावाकडे वळून म्हणाला, "आन् मारायचं कवापासून धरलं, ते बी इचारा की याला. गेळफळं ठेचून टाकली आसतील यानं. मासं खायला पायजेत, उचलायला नगंत."

गेळफळाचा लगदा पाण्यात टाकला की मासे झिंगून वर येतात, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक. तेवढं एक वाक्य पुरलं. बाबा काहीतरी बोलू लागले, पण कुणी ऐकेना. दुसऱ्या दिवसापासून पिठाच्या गिरणीत आमचा डबा मागे राहू लागला, दुकानात आईला "संपलं" असं उत्तर मिळू लागलं, आणि बाबांना गावाने नाव पाडलं — गेळ्या. रस्त्याने सायकल निघाली की पोरं मागून ओरडायची. कंपनीत ज्याच्या हाताखाली दहा माणसं वावरायची, तो माझा बाप गावाच्या वेशीपाशी आला की खाली मान घालून पायडल मारायचा. ती मान मी विसरलेली नाही. बाबांचं खरं नाव गावाच्या तोंडात परत घालायचं, आणि नानाच्या तोंडाला फेस आणायचा, एवढ्या दोनच गोष्टींसाठी मी त्या वर्षी जगत होते.

मासे दोन दिवस तसेच सडत पडले; तिसऱ्या दिवशी गुरवाने ते पुरले. दुसऱ्या दुपारी, सगळे उन्हामुळे घरात आडवे झाले होते तेव्हा, मी डोहावर गेले आणि एक मोठा मासा ओढून काढला. हो, आजोबांनी ज्यासाठी मार खाल्ला ते मी केलं, स्वतःच्या हाताने. घाण सुटली होती. आईच्या विळीने मी त्याचं डोकं कापून घेतलं, झाकण उचललं... आणि आत लाल असं काही नव्हतंच. कल्ल्याच्या दात्यादात्यात नारिंगी गाळ. नखाने खरवडला तर नखात बसला. तो रंग मी रोज बघत होते, नानाच्या ट्रॉलीवर. मी ते डोकं लोणच्याच्या रिकाम्या बरणीत खड्यामिठात दाबलं आणि बरणी गोठ्यातल्या गव्हाणीमागे लपवली.

शास्त्र शिकवायला आम्हाला सावंतबाई होत्या, मालवणकडच्या. चिंचवडला खोली घेऊन राहायच्या आणि त्यांच्या पिशवीला कायम सुकटीचा वास असायचा, त्यावरून पोरं हसायची. मी त्यांना एवढंच विचारलं, की बाई, मासा श्वास कसा घेतो. पुढच्या शनिवारी बाईंनी पिंपरीच्या बाजारातून सबंध रोहू आणला, टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि वर्गाला जवळ बोलावलं. तो तास मला शब्दन् शब्द पाठ आहे. माशाच्या हनुवटीखाली, गळ्यात, एक जाड स्नायू असतो. तो मागे ओढला की तोंडाचा तळ खाली जातो आणि पाणी आत येतं. मग तोंड मिटतं, गालावरचे स्नायू झाकणं बाहेर लोटतात, पाणी कल्ल्यांतून गाळून निघून जातं. कल्ल्यांच्या कमानींनाही बारीक बारीक स्नायू असतात, ते कंगवे पसरतात, मिटतात. जन्मल्यापासून मरेपर्यंत हा भाता थांबत नाही. बाईंनी चिमट्याने एकेक स्नायू ओढला, आणि मेलेल्या रोहूने आमच्यासमोर तोंड उघडलं. पुढची पोरं मागे सरकली.

"आणि कल्ल्यांत घाण गेली तर?" मी विचारलं.

"तर मासो खोकता गो," बाई म्हणाल्या, आणि मग पुस्तकी भाषेवर आल्या. "हेच स्नायू उलटे चालतात. पाणी तोंडावाटे बाहेर फेकतात. खोकून खोकून कल्ले साफ करायला बघतो बिचारा."

मी वर्गातून उठून बाहेर गेले आणि व्हरांड्याच्या खांबाला धरून उभी राहिले. ते झटके मला आता कळले होते. आमचे मासे खोकत मेले होते.

रोहूच्या जबड्यात दात नव्हते. ते घशात होते, अगदी आत, आणि तिथेच तो सगळं भरडायचा, हेही बाईंनी त्याच तासाला दाखवलं. मला ती सोय फार पसंत पडली. ओठ मिटलेले ठेवायचे, आणि आत खुशाल चावत राहायचं. पुढचे काही महिने मी तेच केलं.

बरणीचा वास लपण्यातला नव्हता. एका संध्याकाळी बाबांनी ती काढून अंगणात ठेवली. आई पदराने नाक दाबून उभी.

"हे कुणी उचललं?"

"मी."

बाबा कधी हात उगारायचे नाहीत, पण त्या दिवशी त्यांचा चेहरा असा झाला की मार परवडला असता. "सुमे, त्यापायी माझ्या बापानं चावडीम्होरं मार खाल्लाय."

"उचलायचं म्हणून नाही उचललं बाबा," मी म्हणाले. रडत होते, पण रागाने. "कंपनीत मशीन बंद पडलं की तुम्ही खोलून बघता ना? तसं खोललंय."

बाबा उकिडवे बसले. मी त्यांना झाकण उचलून दाखवलं, गाळ दाखवला, गळ्यातला तो स्नायू दाखवला, मासा खोकतो ते सांगितलं. ते बराच वेळ त्या नारिंगी रंगाकडे बघत राहिले. शेवटी उठले, घरात गेले, आणि ओंजळभर खडेमीठ आणून स्वतःच्या हाताने बरणीत घातलं.

"मीठ कमी पडलं हुतं," एवढंच म्हणाले.

थंडीत शाळेत विज्ञान प्रदर्शन भरलं. कमिटीचा अध्यक्ष म्हणून उद्घाटनाला नाना, गळ्यात झेंडूचा हार, मागे अर्धं गाव. माझ्या टेबलावर पुठ्ठ्याची पाटी होती — "माशाचा घसा व कल्ले". बाईंनी आदल्या दिवशी बरणी उघडून बघितली होती आणि माझ्याकडेही नीट बघितलं होतं. "तुका ठाऊक आसा ना गो, काय करतंस तां?" मी मान हलवली. बाईंनी मला सगळ्यांत पुढचं टेबल दिलं.

नाना आला. मी छडी घेऊन घडाघडा सांगत गेले, हा गळ्याचा स्नायू, हा झाकणाचा, इथून पाणी येतं, इथून जातं. नाना कौतुकाने माना डोलवत होता. कुणाची पोर आहे हे त्याच्या ध्यानातच नव्हतं.

"हात लावून बघा ना, नाना," मी म्हणाले. "या झाकणाच्या आत. खरखरीत लागतं."

मागे गाव बघत होतं. मोठेपणा दाखवायची संधी नानाने कधी सोडली नाही. त्याने बोट आत घातलं, बाहेर काढलं. बोट नारिंगी झालं होतं.

"कुठला म्हनायचा ह्यो मासा?"

"डोहातला," मी म्हणाले. "मेले त्यांतला. गेळफळाने मासा झिंगतो, गंजत नाही." आणि शेजारची बशी पुढे सरकवली. तिच्यात तसलाच नारिंगी भुगा होता. "हा तुमच्या ट्रॉलीच्या फळीवरचा. रंग जुळतो का तेवढं बघून सांगा."

गुरव बशीत वाकून बघत होता, त्याने एकदा नानाच्या बोटाकडे बघितलं, एकदा बशीकडे. नानाने खिशातून रुमाल काढला, बोट पुसलं. रुमालाला डाग पडला. "पोरगी हुशार हाय," तो हसून म्हणाला, आणि पुढच्या टेबलाकडे गेला, तिथे सातवीतल्या कुणीतरी केलेला ज्वालामुखी होता.

एवढंच झालं. पोलीस आले नाहीत, पंचायत बसली नाही. आठवड्याभरात गिरणीत आमचा डबा पुन्हा घेतला जाऊ लागला, वाण्याकडे साखर सापडू लागली, पोरांचं ओरडणं थांबलं. "चुकलं" असं म्हणायला मात्र एक माणूस दारात आला नाही. आई म्हणाली, झालं ते गंगेला मिळालं. माझं काही गंगेला मिळालं नव्हतं. मला पिठाची गिरणी नको होती, मला नाना हवा होता.

तो मला पुढच्या उन्हाळ्यात मिळाला. डोहात उरलेसुरले मासे होते, तेही एका सकाळी उलटे झाले. पण या वेळी वरच्या अंगाला धुणं धुणाऱ्या बायकांनी पहाटेच नानाचा ट्रॅक्टर डोहात येणाऱ्या ओढ्याच्या तोंडाशी उभा बघितला होता, आणि बायका गप्प बसल्या नाहीत. गाव पुन्हा काठावर जमलं. आणि तरीसुद्धा — ही गोष्ट मी मरेपर्यंत विसरणार नाही — कुणीतरी आमच्या दारात येऊन बाबांना म्हणालं, "चला, मासं उचलायचं हायती." जणू मधे काही घडलंच नव्हतं. खरं-खोटं झालं, पण उचलायचं काम आमचं ते आमचंच.

बाबा डोहावर गेले, हात मागे बांधून उभे राहिले, आणि म्हणाले, "न्हाई."

तेव्हा गुरव पुढे झाला. त्या म्हाताऱ्याचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता, तेव्हाही चढला नाही. "देवाचं मासं हायती," तो म्हणाला. "ज्यानं मारलं त्यानं उचलावं." आणि हातातली रिकामी पाटी त्याने नानापुढे ठेवली. नानाने गावाकडे बघितलं. नांगरट होऊन गेली होती, पेरणीला अवकाश होता. त्या दिवशी नानाची गरज कुणालाच नव्हती.

माळावर जायची वाट आमच्या दारावरून होती. मी ओट्यावर जाऊन बसले. नाना पाटी डोक्यावर घेऊन यायचा, जायचा, पुन्हा यायचा. पाटीतून घाण पाणी गळून त्याच्या कानामागून सदऱ्यात उतरत होतं. धोतराचा काचा मारलेला, पायांत वहाण नाही, चैत्रातलं ऊन डोक्यावर. प्रत्येक खेपेला मी त्याच्या डोळ्यांत बघत होते, आणि तो खाली बघत होता. काय सांगू... आयुष्यात पुढे पदव्या मिळाल्या, मानाच्या जागा मिळाल्या, पण तसं सुख पुन्हा झालं नाही.

शेवटची खेप टाकून तो परत निघाला. डोहाच्या पाण्यात हात धुण्याची सोय त्याने स्वतःच ठेवली नव्हती. आमच्या अंगणाशी थांबला आणि कोरड्या आवाजात बाबांना म्हणाला, "जरा पाणी घाल हातावर."

आई दारात आली. मी तिचा पदर धरून ओढला. देऊ नको, असं मला ओरडायचं होतं. बाबांनी आत जाऊन तो चेपलेला तांब्या भरून आणला. ओट्याच्या कडेला उभे राहिले. आणि हात वर नेला — खांद्याच्याही वर — आणि तिथून धार सोडली.

खाली नाना वाकून, दोन्ही हात जोडून ओंजळ धरून उभा. त्याने हात धुतले. मग तोंडावर पाणी मारलं. मग तशीच ओंजळ तोंडाला लावली आणि प्यायला. आमच्या घरचं पाणी, आमच्या तांब्यातलं. त्याचा गळा माझ्या समोर होता, आणि त्यातला स्नायू खाली-वर, खाली-वर होत होता... माझ्या आजोबांना गावात पाणी असंच मिळायचं, आई सांगायची — दारातल्या कुणीतरी वर धरलेल्या भांड्यातून, वाकून, ओंजळीत. तांब्या रिकामा होईस्तोवर बाबांनी हात खाली आणला नाही. मग ते घरात गेले, आईला म्हणाले, "तांब्या घास," आणि शिफ्टची तयारी करू लागले.

आता तिथे डोह ओळखू येत नाही. पाण्यावर काठापासून काठापर्यंत जलपर्णी, करंजांच्या जागी इमारती, आणि पंचविसाव्या मजल्यावरची माणसं नदीकडची खिडकी वासाने बंद ठेवतात. नाना गेला, गुरव गेला, सावंतबाई निवृत्त होऊन मालवणला गेल्या आणि तिथेच गेल्या. बरणी केव्हाच फुटली. बाबा जाऊनही बरीच वर्षं झाली. शेवटच्या दिवसांत मी त्यांच्या उशाशी बसायची, गप्पा मारायची, आणि एकच गोष्ट विचारायची राहून गेली — त्या दिवशी हात इतका वर का नेला होता? आजोबांची आठवण होती, की घाणीचे शिंतोडे कंपनीच्या पँटीवर उडू नयेत म्हणून, रोजच्या सवयीने? बाबा माझ्यापेक्षा फार चांगला माणूस होता, त्यामुळे मला खात्री देता येत नाही.

तांब्या माझ्याकडे आहे. चिंचेने घासून लख्ख ठेवते मी तो. कधी कधी गॅलरीतल्या अळूला त्यातून पाणी घालते, आणि धार सोडताना माझा हात आपोआप वर जातो. बाबांनी खांद्याच्या वर नेला होता. मी असते तर आणखी वर धरला असता.